पुढे उभं राहणारा माणूस

नानाकाकांच्या बोलण्यात देवादिकांच्या खालोखाल कोणाचं नाव यायचं, तर व्हिन्स लोम्बार्डींचं. काका मूळचे कऱ्हाडचे. 1965 साली विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनला इंजिनिअरिंग शिकायला गेले आणि तीन वर्षांनी ग्रीन बे गावातल्या कागद गिरणीत चिकटले, ते कायमचे. फॉक्स नदी, तिच्या काठच्या गिरण्या, चीजचे कारखाने आणि हाडं गोठवणारा हिवाळा. लाखभरही वस्ती नसलेल्या त्या गावाला अमेरिकन फुटबॉलचा स्वतःचा संघ होता, पॅकर्स. त्याचा मालक कोणी शेठ नाही, गावकरीच. 1919 साली मांस डबाबंद करणाऱ्या एका ‘पॅकिंग’ कंपनीनं गणवेशाला पैसे दिले, म्हणून हे नाव पडलं. काकांच्या शेजारी गिरणीतलेच एक आजोबा राहायचे. त्यांच्या वडिलांनी 1950 साली 25 डॉलर मोजून संघाचा एक शेअर घेतला होता. त्यावर आजवर दमडीचा नफा मिळाला नाही, मिळायचाही नसतो. पण दिवाणखान्यात येशूच्या तसबिरीशेजारी तो कागद चौकटीत लावलेला होता. काकू म्हणायच्या, आजोबा रोज सकाळी दोन्ही काचा एकाच फडक्यानं पुसायचे.

लोम्बार्डींच्या गोष्टी काकांना या आजोबांकडून मिळाल्या आणि आम्हाला काकांकडून. काका सुट्टीला आले की जेवणं उरकल्यावर अंगणात सतरंज्या पडायच्या. काकू शेंगा भाजून आणायच्या आणि काका मध्येच थांबून टरफलं मांडायला घ्यायचे. समोरासमोर दोन रांगा. इकडे पाच टरफलं: मधलं सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या पलीकडे टॅकल. हे लाइनमन. यांनी समोरच्याला अडवायचं आणि मागच्याला वाट करून द्यायची. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच, बाकीच्यांच्या हाताला तो सहसा लागतही नाही. “दहीहंडीतला खालचा थर रे हा,” काका सांगायचे. “फोटो वरच्या पोराचा येतो.”

लोम्बार्डी असेच एक गार्ड. जन्म 1913 चा, ब्रुकलिनचा. वडील खाटीक, घराणं इटालियन. पाद्री व्हायचं म्हणून ते पाद्र्यांच्या शाळेतही गेले होते, पण जीव खेळात. पुढे न्यूयॉर्कच्या फोर्डहॅम विद्यापीठात गेले. उंची अवघी पाच फूट आठ इंच, लाइनमन म्हणून लहानखुरीच. तरी 1936 च्या त्या संघाची, कडेचे दोघे धरून सात जणांची फळी ‘ग्रॅनाइटचे सात चिरे’ म्हणून अमेरिकाभर गाजली आणि त्यातला एक चिरा हे. त्याच वर्षी पिट्सबर्गविरुद्धच्या सामन्यात त्यांचं तोंड आतून फाटलं, दात गेले, पण सामना 0-0 राहिला. समोरच्याला एक गुण करू दिला नाही! हे सांगताना काकांचा आवाज चढायचा आणि आतून आजी ओरडायची, “अरे, पोरं झोपलीत.”

त्यानंतरची वीस वर्षं काका फार सावकाश सांगायचे. 1939 मध्ये लोम्बार्डी न्यू जर्सीतल्या एंगलवूडच्या सेंट सिसिलिया शाळेत शिक्षक झाले. लॅटिन, रसायन आणि भौतिकशास्त्र शिकवायचं आणि संध्याकाळी मुलांना खेळवायचं. मग वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत रेड ब्लेक यांच्या हाताखाली, मग न्यूयॉर्क जायंट्समध्ये साहाय्यक. मुख्य प्रशिक्षकाची जागा काही मिळेना. आपलं आडनाव आड येतं, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. अखेर 1959 मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी बोलावणं आलं, ते ग्रीन बेहून. आदल्या हंगामात पॅकर्स बारापैकी एकच सामना जिंकले होते, दहा हरले होते.

आजोबांच्या आठवणीतले लोम्बार्डी म्हणजे जाड काचांचा चष्मा आणि दोन दातांमधली फट दाखवत खळखळून हसणारा माणूस. रात्रपाळी सुटून आजोबा घरी निघत, तेव्हा ते सेंट विलिब्रॉर्डच्या चर्चमध्ये सकाळच्या प्रार्थनेला जाताना दिसायचे. वेळेचे इतके पक्के, की ठरल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी जो पोहोचला नाही तो उशिरा आला, असा हिशेब. मैदानावर मात्र जमदग्नी. त्यांचा सगळा भर एकाच चालीवर असायचा. दोन्ही गार्ड रांग सोडून बाजूला धावत सुटणार आणि चेंडूवाला त्यांच्या मागून. हीच ती पॅकर्सची ‘स्वीप’. पुढे नामांकित प्रशिक्षक झालेले जॉन मॅडन, तेही मूळचे लाइनमनच, सांगायचे, की लोम्बार्डींना या एका चालीवर आठ तास बोलताना त्यांनी ऐकलं होतं. गार्ड असलेल्या माणसानं आपल्या संघाची मुख्य चाल गार्डांच्या पायांवर उभी केली, याचं काकांना फार कौतुक.

1960 मध्ये अंतिम सामना फिलाडेल्फियाशी 17-13 असा हरले. त्यानंतर लोम्बार्डींचे पॅकर्स बाद फेरीत पुन्हा कधीच हरले नाहीत. 1961 ते 1967 या सात वर्षांत पाच अजिंक्यपदं, त्यात ‘सुपर बोल’ या महाअंतिम सामन्याचे पहिले दोन.

31 डिसेंबर 1967 च्या डॅलसविरुद्धच्या सामन्याची हकीकत तर आम्हाला तोंडपाठ होती. उणे 25 अंश सेल्सिअस थंडी. मैदानाखाली तारा घालून ते ऊबदार ठेवायची सोय केली होती, तीही बंद पडलेली. पंचांना शिट्टी वाजवता येईना, तोंडानं ओरडून खेळ थांबवायचे. आजोबा बायकोची लोकरी चादर कोटाच्या आत गुंडाळून स्टँडमध्ये बसलेले आणि काका तिकडे मॅडिसनच्या खोलीत रेडिओला कान लावून. त्या दिवशी खिचडी करपली होती, असं काका सांगत. काकूंच्या मते ती दुसऱ्याच कुठल्या तरी सामन्याला. डॅलस 17-14 नं पुढे, सोळा सेकंद उरलेले, गोलरेषा हातभर लांब. किक मारून बरोबरी साधता आली असती. सेंटरकडून चेंडू घेणारे क्वार्टरबॅक बार्ट स्टार यांनी लोम्बार्डींना विचारलं, मीच घुसू का? ते हो म्हणाले. गार्ड जेरी क्रेमर आणि सेंटर केन बोमन यांनी समोरच्या जेथ्रो पघला उचलून मागे लोटलं आणि त्या फटीतून स्टार आत! 21-17. क्रेमरचं नाव झालं. “बोमनचं कोण घेतंय?” असं म्हणून काका ते मधलं टरफल उचलून दाखवायचे.

पण काकांना खरी जवळची वाटायची ती वेगळीच गोष्ट. लोम्बार्डी आले तेव्हा ग्रीन बेमध्ये कृष्णवर्णीय माणसं जवळजवळ नव्हतीच आणि संघातल्या कृष्णवर्णीय खेळाडूंना राहायला घर मिळणं मुश्कील. लोम्बार्डींनी गावात स्पष्ट सांगून टाकलं, की ज्या खानावळीत किंवा बारमध्ये माझ्या एका खेळाडूला मज्जाव होईल, तिथं माझा एकही खेळाडू पाय ठेवणार नाही. गावाला संघ प्राणाहून प्यारा, त्यामुळे दारं उघडली. काका 1968 मध्ये खोली शोधत फिरले, तेव्हा सावळ्या रंगाच्या या परक्या पोराला आजोबांच्या गल्लीत दुसऱ्याच दिवशी जागा मिळाली. पहिल्या रविवारी आजोबांनी वाडगाभर बुया आणून दिलं. कोंबडी, भाज्या घालून तासन्‌तास उकळलेलं ते तिकडच्या बेल्जियन लोकांचं कालवण. काकांनी त्यात घरून नेलेला कांदा-लसूण मसाला घातला आणि आजोबांनाही खायला लावला. आपल्याला ती खोली मिळाली त्यामागे लोम्बार्डींनी केलेली वाट आहे, असं काका शेवटपर्यंत मानत.

लोम्बार्डी 1969 मध्ये वॉशिंग्टनला गेले आणि 3 सप्टेंबर 1970 रोजी आतड्याच्या कर्करोगानं वारले. वय अवघं सत्तावन्न. सुपर बोलच्या चषकाला त्यांचं नाव दिलं गेलं.

काका स्वतः गिरणीत दुरुस्ती विभागात होते. मशीन नीट चालली की त्यांची कुणाला आठवण नाही, बंद पडली की मध्यरात्री फोन. आम्हा भाचरापुतण्यांना त्यांनी कधी नंबर कितवा आला असं विचारलं नाही. विचारायचे, “यंदा तुझ्यामुळं कुणाचं काय सोपं झालं?” पोरं खरंच विचार करून सांगायची. कोणी धाकट्याला पाढे शिकवलेले असायचे, कोणी आजीचं पाणी भरलेलं असायचं. आता आम्ही आमच्या मुलांना तेच विचारतो. त्यातल्या निम्म्यांनी लोम्बार्डींचं नावही ऐकलेलं नाही, आणि तरी त्यांनी शिकवलेलं आमच्या घरात चालू आहे.