ईसीजी नॉर्मल, मग त्रास कसला?

चाकण एमआयडीसीतल्या कुठल्याशा कंपनीत, लाइनवर उभ्या असलेल्या पंचविशीतल्या कामगाराची छाती अचानक धडधडू लागते. श्वास पुरत नाही, हातपाय गार पडतात, बोटांना मुंग्या येतात, घसा आवळल्यासारखा होतो आणि ‘आता आपण संपलो’ अशी खात्रीच वाटते. सोबतचे दोघे त्याला गाडीत घालतात. तळेगाव चौकातली कोंडी पार करून दवाखाना गाठेपर्यंत अर्धा-पाऊण तास जातो. असा झटका बहुधा दहा मिनिटांच्या आत टोकाला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो. म्हणून तपासणीच्या टेबलावर पडेपर्यंत वादळ बरंचसं शमलेलं असतं. ईसीजीच्या कागदावर येतात हृदयाचे जेमतेम दहा सेकंद, आणि ते दहा सेकंद सरळ असतात. ‘ईसीजी नॉर्मल आहे. गॅस असेल. टेन्शन घेऊ नका.’ पित्ताची गोळी मिळते. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच.

हृदय ठणठणीत आहे, तर मग मला झालंय काय? हा प्रश्न डॉक्टरांपुढे दीडशे वर्षं उभा आहे. त्याची उत्तरं कशी बदलत गेली हे पाहिलं, की पिंपरी-चिंचवडच्या कामगाराला आज उपचार मिळायला इतका उशीर का होतो, तेही उलगडतं.

पहिली सविस्तर नोंद सापडते १८७१ सालची. अमेरिकेतल्या यादवी युद्धात जेकब मेंडिस द कोस्टा हा डॉक्टर फिलाडेल्फियातल्या टर्नर्स लेन रुग्णालयात सैनिकांना तपासत होता. सुमारे ३०० जवानांच्या नोंदींवरून त्याने मांडलेलं चित्र असं: काही महिने आघाडीवर काढलेला गडी. मध्येच जुलाब किंवा ताप. थोडे दिवस दवाखान्यात काढून तो पलटणीत परततो आणि पूर्वीचं काही झेपत नाही असं त्याच्या लक्षात येतं. सोबत्यांच्या पावलाला पाऊल मिळत नाही, धाप लागते, चक्कर येते, छातीत दुखतं, धडधडतं, अंगावरच्या सामानाचंही ओझं होतं. दिसायला मात्र धडधाकट. द कोस्टाने या दुखण्याला ‘इरिटेबल हार्ट’ म्हटलं, दोष अतिश्रमांना आणि तापाला दिला आणि विश्रांती व डिजिटॅलिस हा उपाय सांगितला. त्याच सुमारास इंग्लंडमध्ये आर्थर मायर्स या लष्करी डॉक्टरने सैनिकांच्या हृदयाच्या तक्रारींचं खापर छातीवर आवळल्या जाणाऱ्या पट्ट्यांवर आणि पाठपिशवीच्या बंदांवर फोडलं होतं. शरीरात कारण सापडेना, तेव्हा ते अंगावरच्या सामानात शोधलं गेलं. त्या जवानांपैकी काहींना खरोखरच संसर्गाचा आजार असेल. पण भीती स्वतःच छातीत उतरू शकते, हा विचार तेव्हा या डॉक्टरांच्या हिशेबात नव्हता.

तो विचार व्हिएन्नात १८९५ साली सिग्मंड फ्रॉइडने मांडला. त्या काळी थकवा, निद्रानाश, डोकेदुखी, सगळं ‘न्यूरेस्थेनिया’ या एकाच गाठोड्यात बांधलं जाई. त्यातून फ्रॉइडने चिंतेचा विकार वेगळा काढला आणि धडधड, धाप, घाम, थरथर, चक्कर ही त्याच्या झटक्यांची रूपं आहेत असं लिहिलं. त्याने दिलेली कारणं पुढे टिकली नाहीत. लक्षणांची यादी मात्र आजच्या पाठ्यपुस्तकातल्या यादीशी बरीच जुळते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडन इथे विलेम आइन्थोव्हेनने हृदयाची विद्युत हालचाल कागदावर उतरवणारं यंत्र सिद्ध केलं. लंडनमध्ये टॉमस लुइस या हृदयतज्ज्ञाने ते रोजच्या वापरात आणलं. पहिलं महायुद्ध सुरू झालं आणि धडधडीच्या तक्रारी घेऊन आलेल्या सैनिकांची रीघ लुइसपुढे लागली. आता यंत्र होतं, तरी बहुतेकांच्या हृदयात दोष दिसेना. लुइसने एक मोठं काम केलं. या पोरांना महिनोन् महिने अंथरुणावर झोपवून ठेवणं चुकीचं आहे हे त्याने दाखवून दिलं आणि चढत्या क्रमाची कवायत सुरू केली. पण त्या कवायतीने आणखी एक गोष्ट ठरत होती: कोण आघाडीवर परत जाईल, कोणाला हलकं काम द्यायचं आणि कोणाला घरी पाठवायचं. १९१८ साली त्याचं पुस्तक आलं तेव्हा दुखण्याचं नाव ‘एफर्ट सिंड्रोम’ झालं होतं. नाव बदललं तरी व्यवस्थेचा पहिला प्रश्न तोच राहिला: हा कामावर परत जाऊ शकतो का? त्याला नेमकं काय होतंय, हा प्रश्न दुसऱ्या नंबरावर.

दुसऱ्या महायुद्धात पॉल वूड या हृदयतज्ज्ञाने हा दुसरा प्रश्न पुढे घेतला. १९४१ साली त्याने मांडलेला निष्कर्ष आजही प्रत्येक कॅज्युअल्टीत लावून ठेवावा असा आहे. ही लक्षणं थकलेल्या हृदयाची नसून भीतीची आहेत, असं त्याने सांगितलं. भीतीने छाती धडधडते, माणूस त्या धडधडीचा अर्थ हृदयविकार असा लावतो, त्या अर्थाने आणखी भेदरतो आणि धडधड वाढते. हेच चक्र १९८६ साली ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी नेमकेपणाने मांडलं आणि ते तोडणारी उपचारपद्धती पुढे उभी राहिली.

औषधाच्या बाजूने कोंडी फुटली ती न्यूयॉर्कच्या हिलसाइड रुग्णालयात. १९५०च्या दशकाच्या अखेरीस डोनाल्ड क्लाइन यांनी काही घाबरट समजल्या जाणाऱ्या रुग्णांना इमिप्रामिन हे नवं औषध दिलं. आठवडे गेले. रुग्ण म्हणत, फरक नाही. डॉक्टरांनाही दिसेना. तो दिसला परिचारिकांना. दिवसातून अनेकदा ‘मी मरतोय’ म्हणत त्यांच्या टेबलाकडे धावत येणारा माणूस आता येत नव्हता. काळजी शिल्लक होती, झटके थांबले होते. म्हणजे अचानक येणारा झटका आणि मनात सतत चालणारी घोर काळजी या दोन वेगळ्या गोष्टी ठरल्या. १९८० साली अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात ‘पॅनिक डिसऑर्डर’ आणि सततच्या काळजीचा विकार अशी स्वतंत्र नावं आली.

आपल्याकडची वाट वेगळी होती. चरकसंहितेत रज आणि तम यांच्या विकारांत भय आणि चित्तोद्वेग यांची गणना आहे. म्हणजे मनाच्या दुखण्याला वैद्यकात जागा होती. पण इंग्रजी अमलात सरकारी मानसोपचार म्हणजे वेड्यांचं इस्पितळ असंच समीकरण झालं. १९१२ चा कायदा भिंतीआड ठेवायच्या माणसांसाठीच होता. येरवड्याच्या मनोरुग्णालयाचं नाव घेतलं की आजही घरातले दचकतात, ते त्या वारशामुळे. ज्याची झोप उडालीय, छाती धडधडतेय, पण जो रोज कामावर जातोय, त्याच्यासाठी या व्यवस्थेत दारच नव्हतं. तो फॅमिली डॉक्टरकडे गेला, देवऋषीकडे गेला, अंगारा लावून परत आला.

पिंपरीची औद्योगिक ओळख औषधाच्या कारखान्यापासून सुरू झाली. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि इथे पेनिसिलिन तयार होऊ लागलं. १९६२ साली एमआयडीसी आली, मोठे वाहन कारखाने आले, १९८२ साली पिंपरी-चिंचवड महापालिका झाली आणि पुढे चाकण उभं राहिलं. या साऱ्या काळात कामगाराच्या आरोग्याची चौकट १९४८ सालच्या दोन कायद्यांची होती: कारखाने अधिनियम आणि कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा. कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत कळवणं बंधनकारक असलेल्या आजारांची यादी होती. शिशाची विषबाधा, सिलिकोसिस, पुढे आवाजामुळे येणारा बहिरेपणा, असे आजार त्यात होते. मनाचा एकही नव्हता. ईएसआयने दीर्घ आजारांसाठी वाढीव लाभाची यादी केली. तीत मनोविकार आले, पण स्किझोफ्रेनिया, उन्माद-अवसाद, स्मृतिभ्रंश असे गंभीरच. चिंताविकाराला तिथेही जागा मिळाली नाही. येरवड्याच्या भिंतीने जी रेघ ओढली होती, तीच रजेच्या नियमांतही उमटली.

त्यात कामाचं स्वरूप बदललं. आज चाकणच्या पट्ट्यात मराठवाडा-विदर्भातून, बिहार-उत्तर प्रदेशातून आलेली असंख्य मुलं ठेकेदाराकडे असतात. म्हाळुंग्यात, निघोज्यात, कुरुळीत एका खोलीत चार-पाच जण राहतात. दर आठवड्याला पाळी बदलते. सहा-सात महिन्यांनी ‘ब्रेक’ मिळतो आणि पुन्हा घेतील की नाही, याची टांगती तलवार असते. झोप मोडली की चिंता वाढते, आणि जागं राहण्यासाठी घेतलेला चहा, तंबाखू धडधडीत भर घालतात. आजारी रजेवरून परतताना फिटनेस सर्टिफिकेट लागतं. त्या कागदावर ‘मानसोपचार’ दिसला तर लाइनवर परत घेतील का, या धास्तीने मुलगा दुखणं लपवतो आणि पित्ताच्या गोळ्या खात राहतो. लुइसच्या कवायतीतला प्रश्न आजही त्याच्या खिशात आहे.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार चिंता, नैराश्य यांसारख्या सर्रास आढळणाऱ्या विकारांतले सुमारे ८५ टक्के रुग्ण उपचारांबाहेर होते. सर्वेक्षणाच्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, पण इथली कहाणी निराळी असेल असं मानायला आधार नाही.

म्हणून ओळख स्पष्ट हवी. छातीत दुखलं की आधी हृदयाची तपासणी, यात तडजोड नको. कळ डाव्या हातात किंवा जबड्यात जात असेल, दरदरून घाम सुटला असेल, तर घरी थांबूच नये. थायरॉइड आणि हिमोग्लोबिनही पाहून घ्यावं, कारण त्यांच्या बिघाडानेही अशीच धडधड होते. हे सगळं नीट असेल आणि झटके ध्यानीमनी नसताना पुन्हा येत असतील, ‘परत येईल का’ या धास्तीत महिना गेला असेल, कंपनीची बस, लिफ्ट, गर्दी टाळावीशी वाटत असेल, तर तो पॅनिक डिसऑर्डर असू शकतो. झटका नाही, पण सहा महिने बहुतेक दिवस काळजी थांबत नाही, मान-खांदे आखडलेले, चिडचिड, लवकर थकवा, लक्ष लागत नाही, झोप लागत नाही, हेही चिंताविकाराचं रूप आहे. चारचौघांत बोलायच्या, साहेबांपुढे उभं राहायच्या भीतीने बढती नाकारणारा माणूस भित्रा नसतो. तोही आजारी असू शकतो.

यावर उपचार आहेत आणि ते चालतात. सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रामसारख्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून दहा दिवसांत सोडून देऊ नये. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम लगेच आराम देतात, पण त्यांची सवय लागते. २०१४ पासून अल्प्राझोलामच्या विक्रीवर अधिक कडक नियम आहेत. मित्राच्या पाकिटातली गोळी घेऊ नये, आणि बरेच दिवस घेतलेली एकदम बंदही करू नये. दुसरी वाट बोलण्याच्या उपचारांची. धडधडीचा अर्थ बदलायला शिकणं आणि टाळलेल्या जागी पायरीपायरीने परत जाणं, हा त्यांचा गाभा. मराठीत कि. मो. फडके यांनी अल्बर्ट एलिसची विवेकनिष्ठ पद्धत रुजवली, ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या आयपीएच या संस्थेने १९९० पासून मनाच्या आरोग्याविषयी मोकळेपणाने बोलायची सवय लावली. पिंपरीच्या संत तुकारामनगरात महापालिकेचं ७५० खाटांचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे आणि तिथे मानसोपचार विभाग आहे. ईएसआय कार्ड असलेल्याने चिंचवडच्या मोहननगरमधल्या रुग्णालयातून पुढची चिठ्ठी मागावी. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालेल्या टेलिमानस या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मराठीत बोलता येतं. रात्रपाळी करणाऱ्याला याचं मोल मोठं.

तज्ज्ञ कमी आहेत ही अडचण खरी, पण तिच्यावरही वाट सापडलेली आहे, आणि ती शेजारच्या गोव्यात. संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खासगी डॉक्टरांकडे स्थानिक, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांना प्रशिक्षण देऊन बसवलं. चिंता आणि नैराश्याच्या रुग्णांना त्यांनी समजावलं, पाठपुरावा केला, गरज पडली तेव्हाच तज्ज्ञ आले. २०१० साली लॅन्सेटमध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले रुग्ण ६६ टक्क्यांच्या आसपास होते, नेहमीच्या पद्धतीत ४२-४३ टक्के. हेच चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात, कंपन्यांच्या दवाखान्यांत करता येईल.

कायद्याने पाया घातला आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार हा हक्क केला, माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक केलं आणि विमा कंपन्यांना मनाचा आजार शरीराच्या आजारासारखाच धरायला लावलं. आता कारखान्यांनी एक पाऊल टाकावं. वार्षिक तपासणीत डोळे, कान, फुप्फुसं पाहिली जातात. त्यात दोन प्रश्न वाढवावेत: गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस जीव घाबराघुबरा झाला, आणि किती दिवस काळजी आवरता आली नाही? जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रश्नावलीतले पहिले दोन प्रश्न हेच आहेत. विचारायला दोन मिनिटंही लागत नाहीत. उत्तरं कंपनीच्या डॉक्टरापाशीच राहावीत, एचआरच्या टेबलावर जाऊ नयेत. आणि उपचार घेणाऱ्या कामगाराला, कायम असो वा ठेकेदाराचा, ब्रेक मिळणार नाही असं व्यवस्थापनाने लेखी द्यावं. कामावर परत जाता येईल का, हा प्रश्न विचारायला हरकत नाही; पण माणूस बरा व्हावा म्हणून आपण काय केलं, याचं उत्तर आधी देता आलं पाहिजे.