रस्ता कोणाचा, तक्रार कुठे? दर्जोन्नती म्हणजे काय
भामरागड : हेमलकशावरून जाणारा आलापल्ली-भामरागड रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १३०-डी आहे. त्यावरच्या खड्ड्यासाठी ग्रामपंचायतीत खेटे घालून उपयोग नाही. अर्ज राष्ट्रीय महामार्ग विभागाकडे द्यावा लागतो. राज्य मार्ग आणि प्रमुख जिल्हा मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे असतात. इतर जिल्हा मार्ग व ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे.

गावचा रस्ता वरच्या वर्गात नेणे म्हणजे दर्जोन्नती. त्यासाठी जिल्हा परिषदेचा ठराव लागतो, मग शासन निर्णय निघतो. नुसता ठराव झाला म्हणजे रस्ता बांधकाम विभागाकडे गेला असे नाही; तोवर दुरुस्ती जिल्हा परिषदेचीच. मालकी बदलली तरी जंगलातल्या रुंदीकरणाला १९८० च्या वन संवर्धन कायद्याची परवानगी सहसा लागते. म्हणून अर्जात आधी रस्त्याचा क्रमांक लिहा, पोच घ्या.