व्हर्च्युअल बॉय

व्हर्च्युअल बॉय : जपानमधील क्योटो येथील निन्टेन्डो कंपनीने १९९५ मध्ये विक्रीस आणलेले त्रिमितीय चित्रांचे व्हिडिओ गेम यंत्र. जपानमध्ये २१ जुलै १९९५ रोजी १५,००० येन किमतीला आणि उत्तर अमेरिकेत त्याच वर्षी ऑगस्टमध्ये १७९.९५ डॉलर किमतीला ते दुकानांत आले. जपानमध्ये त्याचे खेळ डिसेंबर १९९५ नंतर निघाले नाहीत. अमेरिकेत ते १९९६ मध्ये बंद झाले. एकूण विक्री सुमारे ७,७०,००० यंत्रे. जपान व उत्तर अमेरिका सोडून अन्यत्र ते अधिकृतपणे विकले गेले नाही.

नावामुळे याची गणना खेळांसाठीच्या आरंभीच्या व्हर्च्युअल रिॲलिटी, म्हणजे आभासी वास्तव, हेडसेटांत होते आणि त्या साऱ्या प्रकाराच्या अपयशाचा दाखला म्हणून ते पुढे केले जाते. ही गणना तपासून घ्यावी लागते. पाहणाऱ्याने मान वळवली की चित्रातले जगही वळले पाहिजे, ही आभासी वास्तवाची किमान अट. व्हर्च्युअल बॉयमध्ये मानेची हालचाल टिपण्याची सोयच नाही. ते डोक्यावर बांधताही येत नाही. दोन पायांच्या घोडीवर टेबलावर ठेवून आणि वाकून त्याच्या भिंगांत पाहावे लागते. त्याचे जवळचे नाते व्ह्यू-मास्टर या भिंगांतून त्रिमितीय चित्रे पाहण्याच्या खेळण्याशी किंवा जत्रेतल्या बायोस्कोपच्या खोक्याशी आहे. व्ह्यू-मास्टरमधले चित्र स्थिर असते, येथे ते सेकंदाला ५० वेळा नव्याने उमटते. ते कसे उमटते, यातच या यंत्राचे खरे महत्त्व आहे आणि या नोंदीत त्याला अधिक जागा दिली आहे.

पूर्वपीठिका : आयव्हन सदरलंड यांनी १९६८ मध्ये डोक्यावर धारण करायच्या उपकरणातून संगणकाने काढलेल्या आकृत्या दाखवल्या; मानेची दिशा मोजणारा यांत्रिक दांडा छताला जोडलेला होता. १९८० च्या दशकात जॅरन लॅनियर यांच्या व्हीपीएल रिसर्च कंपनीने हेडसेट व हातमोजे तयार केले, पण ते प्रयोगशाळांनाच परवडणारे होते. खेळांच्या बाजूने पहिली भक्कम मजल मारली ती इंग्लंडमधील लेस्टर येथे जोनाथन वॉल्डर्न यांनी उभारलेल्या व्हर्च्युॲलिटी यंत्रांनी. ती १९९१ पासून आर्केडमध्ये दिसू लागली व त्यांवरचा ‘डॅक्टिल नाइटमेअर’ हा खेळ गाजला. सेगा कंपनीने १९९३ मध्ये घरगुती हेडसेट प्रदर्शनात मांडला, किंमत २०० डॉलर सांगितली आणि पुढे तो बाजारात आणलाच नाही. अमेरिकेतील फोर्टे कंपनीचा व्हीएफएक्स१ हा संगणकाला जोडण्याचा हेडसेट व्हर्च्युअल बॉयचा समकालीन. त्यात मानेची हालचाल खरोखर टिपली जाई, पण किंमत सुमारे ७०० डॉलर होती.

सदरलंड यांचे उपकरण सोडल्यास या हेडसेटांत डोळ्यांपुढे दोन छोटे एलसीडी पडदे असत. त्या काळच्या अशा पडद्यांचे ठिपके भिंगातून जाळीसारखे दिसत आणि काळा रंग करडा दिसे. पुढील रचना समजून घेताना ही अडचण ध्यानात ठेवावी.

डोलता आरसा : व्हर्च्युअल बॉयमध्ये पडदाच नाही. प्रत्येक डोळ्यासाठी २२४ तांबड्या एलईडींची एकच उभी रांग आहे. रांगेतला प्रकाश भिंगातून एका छोट्या सपाट आरशावर पडतो आणि तेथून डोळ्यात जातो. हा आरसा चुंबकाच्या ओढीवर सेकंदाला ५० वेळा डोलतो. तो वळत असताना रांगेतले दिवे ३८४ वेळा वेगवेगळ्या जुळणीने पेटतात व विझतात. डोळ्याला ती एकापाठोपाठ आलेली उभी पट्टी वाटत नाही, तर शेजारी शेजारी मांडलेल्या ३८४ पट्ट्यांचे सलग चित्र दिसते. अंधारात पेटती उदबत्ती गरगर फिरवली की टोकाचा ठिणगीएवढा ठिपका वर्तुळ होऊन दिसतो, तसाच हा दृष्टिसातत्याचा परिणाम. अशा रीतीने अवघ्या २२४ दिव्यांतून ८६,०१६ ठिपक्यांचे चित्र मिळते.

ही योजना निन्टेन्डोची नव्हे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या रिफ्लेक्शन टेक्नॉलॉजी या छोट्या कंपनीत ॲलन बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९८० च्या दशकाच्या मध्यापासून विकसित केली. त्यांचे ‘प्रायव्हेट आय’ हे एका डोळ्यासाठीचे दर्शकयंत्र ७२० × २८० ठिपक्यांचे होते. अंगावर वागवायच्या संगणकांचे आरंभीचे प्रयोग याच दर्शकावर झाले आणि थॅड स्टार्नर यांच्यासारख्या संशोधकांनी ते दैनंदिन वापरात आणले. दोन दर्शक जोडून, मानेची हालचाल टिपणाऱ्या सोयीसह, रणगाड्याच्या खेळाचा एक नमुना कंपनीने तयार केला आणि खेळणी विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांना दाखवला. सेगाने एकच रंग आणि मळमळ होण्याची भीती ही कारणे देऊन तो नाकारला असे सांगितले जाते. निन्टेन्डोच्या गुनपेई योकोई यांनी तो उचलला.

तांबडाच रंग का, या प्रश्नाचे उत्तर पदार्थविज्ञानात आहे. तांबडी एलईडी स्वस्त, उजळ आणि वीज कमी खाणारी होती. पुरेशी उजळ निळी एलईडी शुजी नाकामुरा यांनी निचिया कंपनीत १९९३ च्या अखेरीस सिद्ध केली. ती खेळण्याच्या किमतीत बसणे तेव्हा शक्य नव्हते. निळ्याशिवाय पूर्ण रंग मिळत नाहीत. त्यामुळे काळा व तांबड्याच्या तीन छटा एवढ्यावर भागवावे लागले. छटा दिव्याच्या तेजाने ठरत नाही, तो किती वेळ पेटता राहतो यावर ठरते.

जे साधले ते मात्र त्या काळी दुसऱ्या कोणत्याही घरगुती यंत्राला साधले नव्हते. न पेटलेला दिवा म्हणजे निखळ अंधार. चित्राला चौकट जाणवत नाही, मागे करडी धूसर पार्श्वभूमी नसते. आकृती काळोखात अधांतरी तरंगते. ठिपक्यांमध्ये जाळी दिसत नाही. रंगाच्या अभावाबद्दल सर्वांनीच लिहिले, पण या काळोखाची दखल फारच थोड्यांनी घेतली, आणि हा अन्याय आहे.

उणिवाही याच रचनेतून आल्या. प्रत्येक डोळ्यापुढचे दिवे एका फेरीच्या छोट्या भागापुरतेच पेटतात, त्यामुळे चित्र मंद असते व काहींना लुकलुक जाणवते. आरशांची अखंड घूं ऐकू येते.

खोलीचा भास : एखादी वस्तू डाव्या डोळ्याच्या चित्रात थोडी उजवीकडे आणि उजव्या डोळ्याच्या चित्रात थोडी डावीकडे सरकवली की ती जवळ आल्यासारखी वाटते, उलट सरकवली की मागे जाते. व्हर्च्युअल बॉयची चित्रनियंत्रक चिप ३२ पर्यंत थर एकावर एक रचू शके आणि प्रत्येक थराचे हे सरकणे वेगळे ठरवता येई. म्हणून त्यावरचे बहुतेक खेळ घन वस्तूंचे नसून, नाटकातल्या पडद्यांसारखे एकामागे एक उभे केलेले सपाट थर आहेत. मुख्य प्रोसेसर एनईसी कंपनीचा ३२ बिटी व्ही८१०, वेग २० मेगाहर्ट्‌झ. दोन डोळ्यांतील अंतर व भिंगाचा फोकस जुळवण्यासाठी यंत्राच्या माथ्यावर सोय आहे. ती न जुळवता खेळल्यास डोके दुखते. दुकानात एकामागून एक माणसे डोकावून जात, तेव्हा ही जुळणी फारशी कोणी करत नसे.

ध्वनी : स्टीरिओ.

हातातले नियंत्रण : दोन्ही हातांना एकेक, असे दोन क्रॉस-की (दिशा देणारी अधिक-चिन्हाच्या आकाराची बटणे) असलेले हे निन्टेन्डोचे पहिले यंत्र. सहा पेन्सिल सेल याच भागाच्या पाठीला लागत. दोन यंत्रे जोडण्यासाठी खाच ठेवली होती. तिची केबल विक्रीस आली नाही.

योकोई : गुनपेई योकोई (१९४१–९७) हे निन्टेन्डोत १९६५ मध्ये दाखल झाले. गेम अँड वॉच (१९८०), आज बहुतेक कंट्रोलरांवर आढळणारी क्रॉस-की आणि गेम बॉय (१९८९) ही त्यांच्या विभागाची निर्मिती. मुरलेले, स्वस्त झालेले तंत्र घ्यावे आणि ते कोणाच्या ध्यानीमनी नसलेल्या जागी वापरावे, हे त्यांचे सूत्र. तांबड्या एलईडीची निवड या सूत्राला धरूनच होती. डोलता आरसा मात्र मुरलेले तंत्र नव्हते, आणि या यंत्राकडे पाहताना ही विसंगती नजरेआड करता येत नाही.

मूळ कल्पना डोक्यावर घालायच्या उपकरणाची होती. ती का सोडली याबद्दल एकवाक्यता नाही. विद्युतचुंबकीय प्रारणाची धास्ती, संरक्षक धातूमुळे वाढणारे वजन, घालून वावरताना पडण्याचा धोका आणि जपानमध्ये १ जुलै १९९५ पासून लागू झालेला उत्पादक दायित्व कायदा, अशी कारणे दिली जातात. पूर्ण झालेले यंत्र सुमारे पाऊण किलो वजनाचे आहे.

योकोई यांनी ऑगस्ट १९९६ मध्ये निन्टेन्डो सोडली. व्हर्च्युअल बॉयच्या अपयशामुळे त्यांना जावे लागले असे वारंवार लिहिले जाते. स्वतः योकोई यांनी स्वतंत्र होण्याचा विचार आधीपासूनचा असल्याचे सांगितले होते आणि त्यांचे म्हणणे डावलण्याचे कारण दिसत नाही. त्यांनी कोतो ही संस्था काढली व बांदाई कंपनीच्या वंडरस्वान या हातातल्या यंत्रावर काम केले. ४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील महामार्गावर अपघातात त्यांचा मृत्यू झाला. वंडरस्वान १९९९ मध्ये बाजारात आले.

डोळ्यांवरील परिणाम : सात वर्षांखालील मुलांनी यंत्र वापरू नये असा इशारा खोक्यावर व पुस्तिकेत होता. त्या वयात दोन डोळ्यांचा मेळ घडत असतो, त्यात बाधा येऊ नये हा हेतू. ठरावीक मिनिटांनी खेळ आपोआप थांबवण्याची सोयही दिलेली होती. डोळे दुखणे व गरगरणे यांच्या तक्रारी मोठ्या प्रमाणावर झाल्या. एक कारण सर्वच त्रिमितीय दर्शकांना लागू आहे : जवळच्या वस्तूकडे पाहताना बुबुळे आत वळतात आणि डोळ्याचे भिंगही त्या अंतराला जुळते, येथे बुबुळे वळतात, पण प्रकाश कायम एकाच अंतरावरून आल्यासारखा असल्याने भिंगाने जागचे हलायचे नसते. आजच्या महागड्या हेडसेटांतही ही अडचण पूर्णपणे सुटलेली नाही. वाकून बसल्याने मानेला होणारा त्रास हा स्वतंत्र विषय असून त्याचा दोष प्रकाशयोजनेला देऊ नये.

खेळ : एकूण २२, त्यांपैकी जपानमध्ये १९ व उत्तर अमेरिकेत १४. अमेरिकेत यंत्रासोबत ‘मारिओज टेनिस’ दिला जाई. टी अँड ई सॉफ्टच्या ‘रेड अलार्म’मध्ये केवळ रेषांनी काढलेल्या अवकाशात विमान उडवायचे असते, रेषा मागच्या की पुढच्या हे एका डोळ्याने कळत नाही, दोन्ही उघडताच कळते. खोलीचा भास खेळाच्या आकलनाला आवश्यक ठरतो तो मुख्यतः येथे. ‘व्हर्च्युअल बॉय वारिओ लँड’ हा सर्वांत चांगला मानला जातो. त्यात नायक पुढच्या थरातून मागच्या थरात उडी घेतो. ‘मारिओ क्लॅश’, ‘टेलिरोबॉक्सर’, ‘गॅलेक्टिक पिनबॉल’, ॲटलसचा ‘जॅक ब्रदर्स’ हे अन्य उल्लेखनीय खेळ. शेवटचा ‘थ्री-डी टेट्रिस’ मार्च १९९६ मध्ये फक्त उत्तर अमेरिकेत निघाला. त्या वेळी विक्रीस न आलेला ‘बाउंड हाय’ हौशी अभ्यासकांनी २०१० मध्ये उपलब्ध केला.

विक्री व प्रसिद्धी : यंत्राचे चित्र टीव्हीच्या जाहिरातीत किंवा मासिकाच्या पानावर दाखवता येत नाही, तेथे ते सपाट व तांबडे दिसते. यावर उपाय म्हणून अमेरिकेत ब्लॉकबस्टर या व्हिडिओ दुकानांच्या साखळीतून ते भाड्याने दिले गेले. त्याने विक्री वाढली की घटली याबद्दल मतभेद आहेत. पुढे किमती उतरवण्यात आल्या.

नंतरचा काळ : चष्म्याशिवाय खोली दाखवणारे निन्टेन्डो ३डीएस २०११ मध्ये आले. मानेसह वळणारे चित्र घरगुती किमतीत आणण्याची नवी लाट २०१२ मध्ये ऑक्युलस रिफ्टपासून सुरू झाली, आणि तिला फोनसाठी तयार झालेल्या स्वस्त पडद्यांचा व गतिमापकांचा आधार मिळाला. आरसा हलवून चित्र काढण्याचे तत्त्व त्या लाटेने घेतले नाही, पण ते संपलेही नाही : मायक्रोसॉफ्टच्या होलोलेन्स २ (२०१९) मध्ये लेसर किरण अतिसूक्ष्म डोलत्या आरशांवरून डोळ्याकडे पाठवले जातात. सप्टेंबर २०२५ मध्ये निन्टेन्डोने व्हर्च्युअल बॉयचे खेळ आपल्या स्विच या यंत्रावर, भिंगांच्या जोडसाधनासह, देण्याचे जाहीर केले. स्विचला पडदा असल्याने तेथे आरसा नाही. मूळ यंत्राचा काळोख पाहायचा तर मूळ यंत्रातच पाहावा लागेल.

जतन : शिल्लक यंत्रांतला नेहमीचा बिघाड म्हणजे चित्रात आडव्या रेघा येणे किंवा चित्राच्या आडव्या ओळी गायब होणे. एलईडींच्या रांगेकडे जाणारी चपटी केबल विद्युतवाहक डिंकाने चिकटवलेली आहे आणि वर्षे गेली की तो सुटतो. केबल गरम करून पुन्हा दाबल्यास दुरुस्ती तात्पुरती टिकते. टिकाऊ उपाय म्हणजे तारा डाखून जोडणे. आरसे बहुधा शाबूत असतात.