न बदललेली किल्ली

घराला नवे कुलूप आणले म्हणजे त्याच्या किल्ल्या कोणाकोणाजवळ राहाव्यात, याचा विचार घरातील वडीलधारी मंडळी आधी करतात. इंटरनेटच्या बाबतीत मात्र आपण ही खबरदारी घेत नाही. भिंतीवर दिवे लुकलुकवीत टांगलेला राऊटर हाही घराचा एक दरवाजाच आहे, हे सहसा ध्यानी येत नाही.

या दरवाजावरील हल्ल्यांचा इतिहास अलीकडचा असला, तरी त्यातील युक्ती जुनी आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट मॉरिस या अमेरिकन विद्यार्थ्याने सोडलेला ‘वर्म’ हजारो संगणकांत शिरला. नेहमीच्या वापरातील शब्द एकामागून एक पासवर्ड म्हणून लावून पाहणे, ही त्याची एक रीत होती. २०१६ साली ‘मिराई’ नावाच्या घातकी प्रोग्रामने हीच रीत राऊटर आणि कॅमेऱ्यांवर वापरली. कारखान्यातून ठरवून दिलेल्या नाव-पासवर्डांच्या साठाहून अधिक जोड्या त्यात भरलेल्या होत्या. ज्यांनी त्या बदलल्या नव्हत्या, त्यांची यंत्रे परक्याच्या हुकमात गेली, आणि मालकाला पत्ताही नाही! २१ ऑक्टोबर २०१६ रोजी अशाच यंत्रांच्या फौजेने अमेरिकेतील ‘डिन’ या कंपनीवर हल्ला केला व अनेक नामांकित संकेतस्थळे काही तास उघडेनाशी झाली. मिराई रचणारे तिघे विशीच्या आसपासचे तरुण होते. २०१७ मध्ये त्यांनी न्यायालयात गुन्हा कबूल केला.

आपल्याकडे ही आच जुलै २०१७ मध्ये लागली. बीएसएनएल व एमटीएनएल यांच्या ग्राहकांचे साठ हजारांहून अधिक मोडेम बंद पडल्याचे वृत्त आले. हे ‘ब्रिकरबॉट’चे काम. मिराई यंत्र ताब्यात घेई, हा ते मारूनच टाकी. स्मृतीत निरर्थक मजकूर भरला की यंत्राची वीट होई. टोपणनावाने वावरणाऱ्या त्याच्या कर्त्याचे म्हणणे असे, की असुरक्षित यंत्रे दुष्टांच्या हाती पडण्यापूर्वी मी ती नष्ट करतो. चोर येईल म्हणून शेजाऱ्याचे घरच पाडावे, हा न्याय मला पटत नाही. पण कुलूप उघडे होते, हेही नाकारता येत नाही. मूळ पासवर्ड बदला, असे ग्राहकांना सांगण्यात आले ते त्यानंतर.

माझीच गोष्ट सांगतो. राऊटर बसविणाऱ्या गृहस्थाने वायफायचा पासवर्ड कागदावर लिहून दिला. खुद्द यंत्राच्या आतील व्यवस्थेला दुसरा पासवर्ड असतो, आणि तो ‘अॅडमिन’ असा जगजाहीर आहे, हे मला चार वर्षांनी कळले. किन्हीराजात एका घरच्या जोडणीवर शेजारची मुलेही शिष्यवृत्तीचे अर्ज भरतात, आधारचे क्रमांक टाकतात. तेव्हा हा एकट्याचा प्रश्न नव्हे.

मे २०१८ मध्ये ‘व्हीपीएनफिल्टर’ने ५४ देशांतील सुमारे पाच लाख यंत्रे ग्रासली, तेव्हा राऊटर बंद करून पुन्हा सुरू करा, असा सल्ला अमेरिकेच्या एफबीआयने दिला. त्याने रोग दबला, मूळ मात्र आत राहिले. ते काढण्यास यंत्र कारखान्यातल्या मूळ स्थितीत न्यावे लागे. येथे एक मेख आहे. तसे केल्यावर जुना पासवर्डही परत येतो! म्हणून लगेच नवा, लांबलचक पासवर्ड घालावा, कंपनीने दिलेली आतल्या प्रोग्रामची सुधारित आवृत्ती भरावी आणि बाहेरून राऊटर हाताळण्याची सोय बंद ठेवावी. ज्या यंत्रासाठी सुधारणा येणेच थांबले, ते चालू असले तरी बदललेले बरे. खर्च होतो खरा.

यंदा नववीच्या वर्गात हा इतिहास सांगून झाल्यावर मी मुलांना म्हटले, पासवर्ड कोणी सांगू नका, घरी तो बदलला आहे का एवढेच सांगा. दोन हात वर झाले. त्यांतला एक मग हळूच खाली आला.