दाराची कडी

आमच्या वडोदऱ्याच्या घराच्या दाराची पितळी कडी अखेर गेल्या आठवड्यात काढली.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं. दादासाहेब फाळके तिथे शिकले, आणि पुढे आमचे आजोबाही. ते सुतारकाम शिकले. हे सागवानी दार त्यांच्या हातचं. आत एक कडी, बाहेर एक. बाहेरच्या कडीनेच दार ओढायचं, वाजवायचं आणि तिलाच कुलूप लावायचं. वेगळी मूठ नाहीच.

आमच्या सौ.ना संधिवात. परवा मी बाजारातून आलो तर आतली कडी त्यांना निघेना. अर्धा तास त्या आत, मी ओट्यावर! त्याच दिवशी सुतार बोलावला. दार दोन इंच जाड, नव्या हँडलची मधली सळई पुरेना. लांब सळई मागवावी लागली. कोयंडा मात्र चौकटीतच राहू दिला. उपटला असता तर लाकूड फुटलं असतं.

भंगारवाल्याने कड्यांचा वजनावर भाव सांगितला. बँकेत जन्मभर तारण तोललं, पण इथे हिशेब जमेना. तीन पिढ्यांच्या हातांनी झिजलेलं पितळ कुठल्या खात्यात धरायचं? दोन्ही कड्या घरातच ठेवल्या.

सौ. आता एका बोटाने दार उघडतात. आजोबा रागावले नसते, असं वाटतं.

तुमच्या जुन्या घरातली एखादी कडी उरली आहे का? जरूर लिहा.