सहा आठवड्यांचा शेक आणि पुढची वर्षं

हार्वी कुशिंग या अमेरिकन शल्यविशारदाने 1930 साली मेड्युलोब्लास्टोमाच्या 61 रुग्णांची हकिगत छापली. लहान मेंदूत होणारी ही गाठ मुख्यतः मुलांना होते. तिला हे नाव खुद्द कुशिंग आणि त्यांचे सहकारी पर्सिव्हल बेली यांनीच 1925 मध्ये दिलं होतं. त्या 61 जणांपैकी तीन वर्षांपलीकडे एकच जगला. किरणोपचार, म्हणजे लोकांच्या बोलीतला शेक, झालेल्या मुलांबद्दल बोलायचं झालं की मी या आकड्यापासून सुरुवात करते. पुढे जे सांगायचं आहे त्याने कुणा आईबापाच्या मनात शेकाविषयी भीती बसू नये. मुंबईत इतकी वर्षं बुद्धीच्या चाचण्यांसाठी माझ्यासमोर बसून ज्या मुलांनी ठोकळे जुळवले, आकडे उलटे म्हणून दाखवले, ती मुलं शेकाशिवाय माझ्यापर्यंत पोचलीच नसती.

चित्र पालटलं ते मँचेस्टरमध्ये. ही गाठ जागच्या जागी राहत नाही; तिच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून थेट पाठीच्या कण्यापर्यंत उतरतात. म्हणून एडिथ पॅटरसन आणि फार यांनी अख्खा मेंदू आणि अख्खा कणा किरणांखाली घेतला. 1953 मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले तेव्हा तीन वर्षांनंतर सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण हयात होते. कुशिंगच्या यादीनंतर अवघ्या 23 वर्षांत! त्या वेळच्या डॉक्टरांना मूल जिवंत आहे एवढंच पुरेसं वाटलं, तर त्यात नवल नाही.

मूल जगलं, पण कसं जगतंय, हे मोजायला साधनही नव्हतं. कर्करुग्णांसाठी 1940 च्या दशकाअखेर आलेली कार्नोफ्स्की यांची शंभर गुणांची पट्टी मोठ्यांची होती. रुग्ण कामावर जाऊ शकतो का, स्वतःचं स्वतः करू शकतो का, हे तिच्यात पाहिलं जाई. पाच वर्षांच्या मुलाला कुठली नोकरी! 1980 च्या दशकाच्या मध्यावर शर्ली लान्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांसाठी वेगळी पट्टी केली आणि त्यात कामाच्या जागी खेळ आला. मूल धावतं-पळतं का, बसून खेळतं का, की नुसतं पडून असतं, हे आईवडिलांनी सांगायचं. माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासातली ही फार मोठी गोष्ट आहे. डॉक्टरांच्या कागदावर पहिल्यांदाच आईच्या म्हणण्याला गुण मिळाले.

शेकाची खरी किंमत मात्र खेळात फारशी दिसत नाही. ती शाळेत दिसते, आणि तीही उशिरा. मुलाच्या मेंदूत मज्जातंतूंवर आवरण चढायचं काम कितीतरी वर्षं चालू असतं. तारेवर रबर असावं तसं हे आवरण. ते नीट नसेल तर निरोप पोचतो, पण रेंगाळत. किरणांनी नेमकं हेच काम अडतं, आणि वय जितकं कमी तितकं जास्त अडतं. म्हणून 1993 साली अमेरिकेत पॅट्रिशिया डफ्नर आणि त्यांच्या गटाने तीन वर्षांखालच्या मुलांना आधी औषधं देऊन शेक लांबवता येतो, असं दाखवलं. मेम्फिसच्या सेंट ज्यूड रुग्णालयात रेमंड मलहर्न आणि सहकाऱ्यांनी मेंदूतल्या पांढऱ्या, म्हणजे आवरण चढलेल्या तंतूंच्या, भागाची घट आणि बुद्ध्यांकाची घट यांचा संबंध जोडला. त्याच रुग्णालयातून 2001 मध्ये शॉना पामर यांचा निबंध आला. ही मुलं शिकलेलं विसरत नाहीत, नवं शिकतात, पण बरोबरीच्या मुलांपेक्षा सावकाश. त्यामुळे दर वर्षी अंतर वाढत जातं आणि बुद्ध्यांक खाली आलेला दिसतो.

मला हे एका छोट्या चाचणीत रोज दिसायचं. कागदावर वर आकडे आणि प्रत्येकाखाली एक खूण असते. खालच्या रिकाम्या चौकटींत आकडा पाहून खूण काढत जायची. दोन मिनिटं. मी स्टॉपवॉच दाबायचे. मूल जीभ दातांत धरून, मान कागदावर वाकवून काढत राहायचं. एकही खूण चुकलेली नसायची. वेळ संपायचा तेव्हा निम्मा कागद कोरा असायचा. बाहेर आई म्हणायची, "मॅडम, येतं हो त्याला सगळं, पण पेपर पुरा होत नाही." निदान तिने आधीच केलेलं असायचं.

या चाचण्यांचाही आपल्याकडे इतिहास आहे. व्ही. व्ही. कामत यांनी 1930 च्या दशकात बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बसवली. वेक्स्लर यांच्या चाचणीला भारतीय रूप दिलं ते नागपूरच्या मॅलिन यांनी. हा पाया होता म्हणूनच आपल्याकडच्या मुलांचं मोजमाप आपल्याकडे होऊ शकलं.

आणि ते झालंही. परळच्या टाटा रुग्णालयात डॉ. राकेश जलाली आणि सहकाऱ्यांनी 2001 ते 2012 या काळात सौम्य किंवा संथ वाढणाऱ्या गाठींचे 200 तरुण रुग्ण आणि मुलं चिठ्ठी टाकावी तशी दोन गटांत घेतली. दोन्ही गटांना 30 बैठकांत 54 ग्रे इतकी किरणांची मात्रा. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने, दुसऱ्याला गाठीच्या आकाराबरहुकूम, आजूबाजूचा मेंदू वाचवत. गाठ दोन्हीकडे सारखीच आटोक्यात राहिली. पण पाच वर्षांत अंतःस्रावी ग्रंथींचा नवा बिघाड पहिल्या गटात 51 टक्के होता, दुसऱ्यात 31 टक्के. बुद्ध्यांकही दुसऱ्या गटात चांगला टिकला. 2017 मध्ये हे प्रसिद्ध झालं. धर्मशाळेत राहून, एसटीने, रेल्वेने पुन्हा पुन्हा तपासणीला येणाऱ्या कुटुंबांच्या जिवावर हे ज्ञान उभं आहे, आणि त्याचं श्रेय त्यांना फारसं कुणी देत नाही.

मेड्युलोब्लास्टोमात मात्र अख्ख्या मेंदूला शेक चुकत नाही, तिथे मात्रा उतरवणं हाच मार्ग. जुनी 36 ग्रेची मात्रा औषधांच्या जोडीने, कमी धोक्याच्या मुलांत, 23.4 वर आली; रॉजर पॅकर यांच्या गटाचं 1999 चं काम त्याला आधार ठरलं. पुढे आणखी लहान मुलांत 18 ग्रेवर जाऊन पाहिलं. 2021 ला निकाल आला: गाठ परतण्याचं प्रमाण वाढलं. 23.4 च्या खाली तूर्त जाता येत नाही.

मग उरते ती शाळा. टाटामध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी वेगळं बाह्यरुग्ण केंद्र 1991 पासून आहे, बऱ्या झालेल्या तरुणांनी 2009 मध्ये 'उगम' हा गट उभा केला. गावातल्या वर्गापर्यंत यातलं काहीच आपोआप पोचत नाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत. मेंदूवरच्या शेकानंतर आलेल्या संथपणाला त्यात स्वतंत्र नाव नाही. मूल मतिमंद ठरत नाही, अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येतही धड बसत नाही. प्रमाणपत्र मिळालं तर परीक्षेत तासाला 20 मिनिटं जादा मिळतात. माझ्या कोऱ्या राहिलेल्या कागदांचा विचार केला तर या मुलांना नेमकं तेच हवं असतं.

मी मुख्याध्यापकांच्या नावे पत्र द्यायचे. शेक कोणत्या वयात आणि मेंदूच्या कुठल्या भागाला दिला, हे त्यात असायचं. मूल फळ्यावरून उतरवून घेताना मागे पडेल, त्याला छापील टिपणं द्या. ऐकायला कमी येतंय का, थकतंय का, उंची वाढतेय का, याकडे लक्ष ठेवा, असं असायचं. पुढच्या चाचणीची तारीख मी खाली मोठ्या अक्षरात लिहायचे, कारण शेकानंतर पहिल्या वर्षी केलेली चाचणी बहुतेक वेळा चांगली येते आणि शाळा तिच्यावरच विसंबून राहते. हे पत्र डिस्चार्ज कार्डाला जोडूनच मिळायला हवं, आणि ते लिहिणारा माणूस प्रत्येक किरणोपचार विभागात पगारावर नेमलेला असायला हवा.