संशय नावाचा गुन्हा

एखादा शब्द कुठून आला आणि वाटेत त्यानं काय काय सोसलं, हे शोधत बसायची मला जुनी सवय आहे. 'पाखंडी' हा असाच एक शब्द. आज तो शिवीसारखा वापरतात. पण सम्राट अशोकाच्या गिरनारच्या शिलालेखात 'पासंड' म्हणजे नुसता पंथ. सगळ्या पासंडांचा मान राखा, असं तो राजा सांगतो. युरोपातल्या 'हेरेसी' या शब्दाचीही तीच गत. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ 'निवड'. चर्चनं सांगितलेल्या श्रद्धेहून वेगळी निवड करणं हा पुढे गुन्हा ठरला.

हे सांगायचं कारण गॅलिलिओ. चर्चला विज्ञान नको होतं म्हणून त्याचा छळ झाला, असं आपण शाळेत ऐकतो. गोष्ट इतकी सरळ नाही. पृथ्वी सूर्याभोवती फिरते असं मांडणारा कोपर्निकस स्वतः चर्चच्या सेवेत होता. १५४३ साली निघालेला त्याचा ग्रंथ पोप तिसरे पॉल यांना अर्पण केलेला आहे. त्यात अल्-बत्तानी या अरबी ज्योतिर्विदाचा आधारही घेतलेला आहे. आजचं कॅलेंडरसुद्धा पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली ज्योतिर्विदांच्या मदतीनं सुधारून घेतलं.

मग बिनसलं कुठे? कॅथलिक शिकवणुकीत नुसती चूक म्हणजे पाखंड नव्हे. देवानं प्रकट केलेलं आणि चर्चनं शिकवलेलं सत्य बाप्तिस्मा घेतलेल्या माणसानं हट्टानं नाकारलं, तर ते पाखंड. तारे-ग्रह यात येतात कुठून? ते आले बायबलच्या वाटेनं. यहोशवाच्या सांगण्यावरून सूर्य थांबला, असं त्यात आहे. आणि थांबला म्हणजे तो एरवी चालत असणार! त्यातच प्रोटेस्टंटांशी झगडा पेटलेला. श्रद्धा आणि नीतीच्या बाबतीत कुणी आपल्या मनानं शास्त्राचा अर्थ लावू नये, असं ट्रेंटच्या धर्मपरिषदेनं १५४६ साली बजावलं होतं.

फेब्रुवारी १६१६ मध्ये रोमच्या धर्मपंडितांनी अहवाल दिला, की सूर्य स्थिर आहे हे मत पाखंडी आहे. पण मार्चमध्ये जाहीर झालेल्या हुकूमनाम्यात तो शब्द नव्हता. हे मत 'खोटं आणि शास्त्राच्या विरुद्ध' आहे, एवढंच त्यात होतं. कोपर्निकसचा ग्रंथ दुरुस्त्या होईपर्यंत थांबवला गेला. कार्डिनल बेलार्मीन यांनी आदल्याच वर्षी लिहिलं होतं, की पक्का पुरावा मिळाला तर बायबलचा अर्थ फार जपून लावावा लागेल. तेव्हा तसा पुरावा गॅलिलिओकडेही नव्हता. भरती-ओहोटीवरून त्यानं दिलेला पुरावा तर चुकीचाच होता.

२२ जून १६३३ रोजी एकोणसत्तर वर्षांच्या गॅलिलिओला गुडघे टेकून आपलं मत सोडायला लावलं. निकालपत्रातले शब्द ऐका : 'पाखंडाचा दाट संशय'. त्याला पाखंडी ठरवलं नाही, संशयित ठरवलं, आणि तेवढ्यावर त्याचं उरलेलं आयुष्य नजरकैदेत गेलं. दहा न्यायाधीश कार्डिनलांपैकी तिघांच्या सह्या त्या कागदावर नाहीत. दर आठवड्याला प्रायश्चित्ताची सात स्तोत्रं म्हणण्याची शिक्षाही होती. जोगीण झालेल्या त्याच्या मुलीनं ती स्वतःवर घेतली. पुढच्याच वर्षी ती वारली.

मराठीत 'संशय' हा एकच शब्द दोन्हीकडे चालतो. शास्त्रज्ञाचा संशय स्वतःच्या माहितीवर असतो. तो त्याला दुर्बिणीकडे नेतो. सत्ताधाऱ्याचा संशय दुसऱ्याच्या मनावर असतो. तो माणसाला गुडघ्यावर आणतो. पहिला संशय पुराव्यानं फिटतो. दुसरा कशानं फिटायचा? मन काही उघडून दाखवता येत नाही.

दुसऱ्याच्या धर्माकडे बोट दाखवायला मी हे सांगत नाही. आम्हा मुसलमानांतही एकमेकांना काफिर ठरवण्याची खोड जुनी आहे. आणि कॅथलिक चर्चनं आपली चूक कबूल केली, हेही सांगायला हवं. पृथ्वी फिरते असं सांगणाऱ्या ग्रंथांवरची सरसकट बंदी १७५८ च्या यादीतून गेली. गॅलिलिओचं पुस्तक १८३५ च्या यादीत उरलं नाही. १९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी त्या वेळच्या धर्मपंडितांची चूक जाहीरपणे मान्य केली.

निकालापासून ही कबुली ३५९ वर्षांनी आली. तेवढ्या काळात पृथ्वीनं सूर्याभोवती ३५९ फेऱ्या घातल्या. तिला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती. गरज होती ती त्या म्हाताऱ्या माणसाला, आणि त्याची स्तोत्रं म्हणणाऱ्या त्याच्या लेकीला.